चार ताटं, चोवीस गोळ्या

चारताटेंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. हौस म्हणून नव्हे. पाणी तेव्हाच येई, आणि तेही तळमजल्यावरच्या नळाला. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या मोरीतही नळ होता, पण तो नुसते सुस्कारे टाकी. दोन बादल्या घेऊन उतरायचं, भरून चढायचं, पिंप भरेपर्यंत हेच. पायऱ्या किती, ते त्यांनी कधी मोजलं नाही. साठी उलटलेल्या माणसाने असल्या गोष्टींच्या नादी लागू नये.

चारताटे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण गॅरेजात ते इतकं रुळलं होतं की नवं गिऱ्हाईक 'चारताटेसाहेब' म्हणून हाक मारी, आणि तुम्ही मूळचे कुठले, असंही विचारी. नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून. जुन्या धाटणीच्या काही गाड्यांच्या मागच्या चाकांना दोन एक्सल फिरवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो, आणि प्रत्येक जॉइंटच्या पोटात सहा पोलादी गोळ्या. चाक वरखाली झालं तरी या गोळ्यांमुळे एक्सल फिरत राहतो. जॉइंटवर रबराचा बूट चढवलेला असतो. ग्रीस आत ठेवायचं आणि धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. बूट फाटला की ग्रीस जातं, धूळ येते, आणि गाडी वळताना कटकट करायला लागते.

हे जॉइंट उघडायचे, धुवायचे, नवं ग्रीस आणि नवे बूट घालून परत जोडायचे, हे चारताटेंचं काम. त्यासाठी त्यांनी ॲल्युमिनियमची चार ताटं ठेवली होती. ताटांच्या कडेवर खडूने लिहिलेलं असे: डावं आत, डावं बाहेर, उजवं आत, उजवं बाहेर. ज्या जॉइंटचा ऐवज त्याच ताटात. इकडची गोळी तिकडे जाता कामा नये. वर्षानुवर्षं त्या सहा गोळ्या आपापल्या घरात घासून बसलेल्या असतात, कुणी कणभर बारीक होते, कुणी नाही. "एका घरातली भांडणं दुसऱ्या घरात नेऊ नयेत," असं ते म्हणत. बाकी फारसं बोलत नसत.

त्या दिवशी पिंप भरून झालं, चहा झाला, आणि बायकोने खिडकीशी बसल्या बसल्या विचारलं, "आज होईल ना?"

"गाडी संध्याकाळी बाहेर पडली की होईल."

"आणि नाही पडली तर?"

"पडेल."

"बघा बाई. नाहीतर मला खाली न्यायला शेवटी चौघे येतीलच. फुकटात."

"चौघांच्या चहाचे पैसे कोण देणार?" चारताटे म्हणाले आणि चपला घातल्या.

बायको गेल्या थंडीपासून जिना उतरली नव्हती. दोन्ही गुडघे गेले होते. शेवटची उतरली ती दवाखान्यात जायला. परत चढताना दुसऱ्या मजल्यावर जी बसली, ती बराच वेळ उठली नाही, आणि वर पोचल्यावर म्हणाली, "आता पुरे." तेव्हापासून ती टोपलीला दोरी बांधून भाजी वर ओढून घेई. तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस करी आणि बरेचदा जिंकेही, कारण वर बघून बघून भाजीवाल्याची मान दुखायची. पण जन्मभर छापखान्यात उभं राहून कागदांच्या घड्या घालणारी, येताना चार जणींशी बोलत येणारी बाई; आता खिडकीशी बसून बसून तिच्या बुडाचा तिथे साचा उमटला होता, आणि ती ते स्वतःच हसून सांगे. हसून झाल्यावर मात्र पुन्हा रस्त्याकडे बघत बसे.

अशात तळमजल्यावरच्या घड्याळवाल्याने दुकान हलवलं आणि त्याची खोली रिकामी झाली. एक खोली, मागे मोरी, दाराबाहेर दोन पायऱ्या. घरमालकीणबाई द्यायला तयार होत्या, मात्र अनामत हातावर पडल्याशिवाय किल्ली नाही. खोली त्यांनी चारताटेंसाठी आज दिवे लागेपर्यंत अडवून धरली होती. कारण एक खोकेवालाही मागे लागला होता, त्याला ती खोली मालाचे खोके रचायला हवी होती. चारताटेंपाशी जमवाजमव झाली होती, कमी होती ती या एका कामाच्या मजुरीची. काम उक्तं होतं. गाडी फाटकाबाहेर गेली की पैसे, आधी नाही, हा गॅरेजमालकाचा नियम. मालक माणूस वाईट नव्हता. आगाऊ देऊन तो दोनदा पोळला होता, इतकंच.

गाडी होती नर्सबाईंची. जुनी, पण बाई तिला सोडायला तयार नव्हत्या. आडवाटेच्या वस्त्यांवर बाळंतपणं करत फिरायचं हे त्यांचं काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अशाच एका वस्तीवर पोचायचं होतं. म्हणून गाडी आजच हवी होती.

सकाळी आठ वाजता चारताटेंनी गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला आणि खाली पाठ टेकली.

ज्याने हे काम केलेलं नाही त्याला वाटतं, बोल्ट म्हणजे पाना लावायचा आणि फिरवायचा. एक्सलच्या प्रत्येक टोकाला सहा बोल्ट असतात, त्यांच्या डोक्यात खोलगट सहाकोनी भोक. त्या भोकात वर्षांचा चिखल दगडासारखा बसलेला. तो काढल्याशिवाय चावी पुरती आत जात नाही, आणि अर्धवट गेलेली चावी फिरवली की भोकाचे कोन झिजून डोकं गोल होतं. मग दिवस गेलाच समजायचा. म्हणून चारताटे एकेका डोक्यातला चिखल वाकवलेल्या खिळ्याने उकरत, चिंधीने पुसत, चावी ठोकून बसवत, मग दोन्ही हातांनी जोर लावत. हे सगळं उताणं पडून, हात वर करून. उकरलेला चिखल जायचा कुठे? तोंडावर. उजवा खांदा पूर्वी संध्याकाळी दुखायचा, हल्ली दहालाच सुरू होई. ते थोडा वेळ हात छातीवर ठेवून पडून राहत आणि मग पुन्हा वर करत.

"चारताटे, झोपलास की गेलास?" पलीकडून डेंटरने विचारलं. तो पत्रा ठोकणारा, वेल्डिंगही करणारा, वयाने त्यांच्याच बरोबरीचा आणि गॅरेजात त्यांना अरेतुरे करणारा एकटाच.

"गेलो की सांगीन."

"सांग बाबा. हा पाना मला हवाय."

दुपारपर्यंत दोन्ही एक्सल बाकावर आले. चारताटेंनी डबा खाल्ला, खाल्ला म्हणजे संपवला, आणि पुढच्या कामाला बसले. क्लिपा कापल्या, फाटके बूट चिरून काढले. टोकाचं लॉक पकडीने फाकवून काढलं, एक्सल बाकावरच्या शेगड्यात आवळून जॉइंट ठोकून ठोकून उतरवले. प्रत्येक जॉइंटच्या बाहेरच्या कडीवर, मधल्या पिंजऱ्यावर आणि आतल्या गाभ्यावर पंचने ठिपके मारले. एकाला एक, दुसऱ्याला दोन, असे. गोळ्यांवर ठिपका मारता येत नाही. गोळ्यांसाठी ताटं.

चार वाजता मालकाने फोन आणून दिला. "तुमच्या घरमालकीणबाई."

"कोण, तिसरा मजला का?" बाई भाडेकरूंना मजल्यावरून ओळखत.

"हो."

"हे बघा, तो खोकेवाला येऊन बसलाय. रोख घेऊन. मी म्हटलं, मी तिसऱ्या मजल्याला दिवे लागेपर्यंतचा शब्द दिलाय. पण त्यापुढे नाही हो. मलाही घर चालवायचंय."

"दिवे लागायच्या आत येतो."

"या बाबा लवकर. तुमची बायको वरून बघत असते, मला घास गोड लागत नाही."

फोन परत देताना त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. ते बघायला नको होतं.

त्यांची रीत अशी: छोट्या टोपात रॉकेल घ्यायचं, एका ताटातला ऐवज धुवायचा, पुसायचा, परत त्याच ताटात ठेवायचा, घाण रॉकेल ओतून द्यायचं, मग दुसरं ताट. चार वेळा. वेळ जातो, पण रीत ती रीत. आता त्यांच्या समोर पत्र्याचा मोठा टप होता, तो डेंटरने रॉकेलने भरून ठेवलेला. पहाटेपासून राबलेला देह म्हणाला, एकदम धुऊ. डोकं 'नाही' म्हणायला उठेपर्यंत हाताने पहिलं ताट पालथं केलं होतं. दुसरं आणि तिसरं त्याच ओघात गेलं. चौथ्याच्या वेळी गोळ्यांचा खळखळाट कानांवर आला आणि ते थांबले, पण तोवर ताटात काही उरलं नव्हतं.

टपाच्या तळाशी चोवीस गोळ्या एकमेकींना टेकून पडल्या होत्या. सगळ्या सारख्या.

डेंटरने हातोडी खाली ठेवली आणि येऊन टपात बघितलं.  मग म्हणाला, "आता तुला एकताटे म्हणायचं का?"

चारताटेंनी टपात हात घालून एक गोळी उचलली आणि परत सोडली.

"अरे, कुठल्याही सहा घाल," डेंटर आवाज उतरवून म्हणाला. "गाडी जुनी, तू जुना, मी जुना. ग्रीस ठासून भर, वर्षभर काही कळायचं नाही. तुला आज घरी वेळेवर जायचंय ना? मग जा."

त्यांनी तसंच केलं. ज्या आल्या त्या सहा गोळ्या पुसल्या, एका जॉइंटच्या पिंजऱ्यात अंगठ्याने दाबल्या आणि गाभा फिरवून बघितला. तीन गोळ्या बसल्या. चौथी नुसती ठेवली तर आत पडली, खुळखुळली. पाचवीला हातोडीच्या दांड्याने ठोकावं लागलं. जॉइंट हातात धरून वाकवला तर अर्ध्यापर्यंत आला, तिथे अडखळला, मग खट्ट करून सुटला. ती खट्ट त्यांना तळहातात जाणवली. त्यांनी पुन्हा वाकवला. पुन्हा तिथेच. उद्या पहाटे अंधारात नर्सबाई या जॉइंटवर चढण चढणार होत्या.

त्यांनी त्या सहाही गोळ्या काढून परत टपात टाकल्या, हात पुसले आणि मालकाकडे फोन मागितला. मालकाला म्हणाले, "गोळ्या मिसळल्या. माझ्याकडून. गाडी आजच जाईल, पण उशीर होईल."

मालकाने त्यांच्याकडे बघितलं. ओरडायचं की नाही ते त्याला ठरवता आलं नसावं. "जाईल ना नक्की?" एवढंच त्याने विचारलं.

फोनवर चारताटे घरमालकीणबाईंना म्हणाले, "पैसे उद्या सकाळी पाणी भरायला उतरतो तेव्हाच आणून देतो."

"अहो, तो माझ्या पुढ्यात बसलाय. चहासुद्धा पिऊन झाला त्याचा."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे द्या त्याला."

 चारताटेंनी फोन ठेवला आणि बाकाशी स्टूल ओढलं.

मालकाच्या कपाटात मायक्रोमीटर होता. केसापेक्षा बारीक फरक तो दाखवतो, पण त्याच्या रेघाही तितक्याच बारीक. चारताटेंनी चष्मा लावला, त्यावर डेंटरचा दुसरा चष्मा लावला. "दोन नवरे केलेल्या बाईसारखा दिसतोस," डेंटर म्हणाला आणि टॉर्च धरून उभा राहिला. त्याला कोणी धर म्हटलं नव्हतं.

सहा गोळ्या आधी सापडल्या. डाव्या बाहेरच्या जॉइंटचा बूट सगळ्यांत आधी फाटला होता, त्यात धूळ गेली होती, त्या गोळ्यांना चमक नव्हती आणि अंगावर देवीच्या व्रणासारखे खड्डे होते. एक घर लागलं. उरलेल्या अठरा गोळ्यांनी मात्र छळलं. प्रत्येक गोळी तीनदा मापायची, तीन अंगांनी. काही मोजल्याबरोबर आपल्या गटात जाऊन बसत. काही दोन गटांच्या मध्ये लटकत. अशांसाठी त्यांनी पिंजरे समोर ओळीने मांडले आणि गोळी एकेका खिडकीत अंगठ्याने दाबून बघितली. आपली गोळी अंगठ्याच्या दाबाने जाते आणि परत बाहेर पडत नाही. त्याहून सैल नको, त्याहून घट्ट नको. एकच गोळी कधी कधी तीन पिंजऱ्यांत फिरून पहिल्याकडे परत यायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बाहीने पुसत आणि बाहीवरचं रॉकेल डोळ्यात जाई.

मध्येच रस्त्यावरचे दिवे लागले. दोघांनाही ते दिसले.  डेंटरने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

गोळ्या लागल्यावर पुढचं काम सवयीचं होतं, फक्त आता ते थकलेल्या हातांनी करायचं होतं. ग्रीस जॉइंटच्या एका बाजूने अंगठ्याने दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. जॉइंटच्या आधी एक्सलवर बूट चढवायचा, मगच जॉइंट. हे विसरून आधी जॉइंट ठोकला, लॉक लावलं, आणि बाकाकडे वळावं तर बूट तिथेच पडलेला, असं या धंद्यातल्या प्रत्येकाचं एकदा झालेलं असतं. झालं नाही म्हणणारा खोटं बोलतो. त्या संध्याकाळी चारताटे दर वेळी बाकाकडे आधी बघत, चारी बूट मोजत आणि मगच हातोडी उचलत. एक चूक पुरे होती. जॉइंट बसला की हातात धरून सगळ्या बाजूंना वाकवून बघत. चारही लोण्यासारखे वाकले.

मग पुन्हा पाठ जमिनीला, हात वर. चोवीस बोल्ट. आवळताना शेवटच्या ओढीला खांद्यात काहीतरी चमके आणि ते दात आवळून धरत. आठ वाजून गेल्यावर गाडी घोड्यांवरून उतरली. त्यांनी ती स्वतः गल्लीत दोन्ही बाजूंना गरगर वळवून बघितली, खिडकी उघडी ठेवून, कान बाहेर काढून. आवाज नव्हता.

नर्सबाई येऊन थांबल्याच होत्या. त्यांना त्यांनी इतकंच सांगितलं, "आठवड्याने या. बोल्ट पुन्हा आवळावे लागतात."

"आणि नाही आले तर?"

"तर मी शोधत येईन."

मालकाने पैसे दिले. उशिराबद्दल त्याने काही कापलं नाही. गोळ्यांबद्दलही बोलला नाही.

घरी पोचले तेव्हा घड्याळवाल्याच्या दाराला नवं कुलूप होतं आणि आतून पुठ्ठ्याचा वास येत होता. चारताटे तिथे थांबले नाहीत. वर चढायला त्यांना त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बायको खिडकीशीच होती. "खोके सहा वाजल्यापासून आत जात होते," ती म्हणाली. "मी बघत होते."

त्यांनी सांगितलं. लपवण्यासारखं काही ठेवलं नाही.

"कोणाच्या गाडीच्या गोळ्या म्हणालात?"

"नर्सबाईंच्या."

"आणि मिसळल्या कोणी?"

"मी."

"मग बोलायलाच नको," बायको म्हणाली, आणि दोन दिवस खरोखरच बोलली नाही. ताट वाढायची, पुढे सरकवायची. चारताटे जेवायचे. त्यांना ते योग्यच वाटत होतं. तिच्या जागी ते असते तर चार दिवस बोलले नसते.

तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या बादल्या ठेवून धापा टाकत उंबऱ्यात बसले, तेव्हा ती मागून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मी गुडघे दुखतात म्हणून उतरत नाही?"

"मग कशासाठी?"

"गुडघे बसल्या जागीसुद्धा दुखतात. उतरताना माझा तोल जातो. तो लाकडी कठडा हलतो, आणि भिंतीकडे धरायला काही नाही. एका हाताने हलणारा कठडा आणि दुसऱ्या हाताने हवा धरायची. पडले तर? आणि दमले तर टेकू कुठे, पायरीवर? पायरीवर बसलेलं माणूस उठत नाही परत, मी बघितलंय करून."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खोली आणणार होतात ना."

चारताटे बसल्या जागेवरून जिन्याच्या भिंतीकडे बघत राहिले. एवढी वर्षं ते या भिंतीला खांदा घासत चढत होते, पण भिंत म्हणून तिच्याकडे त्यांनी आजच बघितलं.

डेंटर रविवारी येऊन जिन्याच्या भिंतीचं माप घेऊन गेला. घरमालकीणबाई म्हणाल्या, भोकं पाडा, पण पोपडे पडले तर बुजवून द्या. खोलीच्या प्रकरणानंतर त्यांना बहुधा नाही म्हणवेना. डेंटरने मजुरी घेतली. कमी घेतली नाही, आणि चारताटेंनीही तसं सुचवलं नाही. दोघांनी मिळून भिंतीत भोकं पाडली, ब्रॅकेट पुरले, आणि सिमेंट वाळल्यावर त्यांवर धरायला लोखंडी पाइप चढवला. मधल्या दोन्ही वळणांवर भिंतीला मिटून ठेवता येणारी लोखंडी बैठक बसवली, माणूस उठलं की जिना मोकळा. शेवटी डेंटर बैठकीवर सगळा भार टाकून बसला, दोनदा उसळला आणि म्हणाला, "माझं वजन घेतलं म्हणजे वहिनींचं काय."

"ते तू त्यांना सांग," चारताटे म्हणाले.

बायको पुढच्या आठवड्यात उतरली. उजवा हात पाइपावर, डाव्या हाताला नवरा. पहिल्या वळणावर बसली, दुसऱ्या वळणावर बसली आणि दोन्हीकडे नवऱ्याला उभं करून ठेवलं. खाली पोचल्यावर तिने घड्याळवाल्याच्या कुलपाकडे बघितलं, पुढे झाली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. थोडा वेळच. चढायला तिला तिप्पट वेळ लागला, आणि रात्री ती कण्हतही होती. दोन दिवसांनी पुन्हा उतरली.

चारताटेंच्या त्या मजुरीचं शेवटी हे झालं: तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत लोखंडी पाइप, त्याचे ब्रॅकेट, सिमेंटची एक पिशवी, दोन मिटत्या बैठका आणि डेंटरचा रविवार. रंगाला काही उरलं नाही. पाइप अजून कच्चाच आहे, धरला की हाताला लोखंडाचा वास येतो.